क्रियापदाची आकांक्षा: इंग्रजी शब्दयोगी आणि मराठी विभक्ती

इंग्रजीतील कोणत्या क्रियापदापुढे कोणते शब्दयोगी अव्यय योजावे, हा प्रश्न मराठीच्या संशोधनपत्रिकेत का उपस्थित करावा, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो प्रश्न इंग्रजीच्या अध्यापकांचा, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. इंग्रजीचे अध्यापक तो याद्यांच्या साहाय्याने सोडवितात. विद्यार्थी त्या याद्या पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. मराठीच्या अध्यापकाला त्याचे सोयरसुतक नसते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, कामाची ही वाटणी चुकीची आहे. ह्या प्रश्नाचे मूळ मराठीच्या व्याकरणात आहे, त्याचे उत्तरही बऱ्याच अंशी मराठीच्याच अभ्यासातून मिळण्यासारखे आहे, आणि हा अभ्यास न झाल्याचे नुकसान इंग्रजीपेक्षा मराठीचे अधिक होत आहे.

प्रथम इंग्रजीची बाजू पाहू. मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी इंग्रजी बोलू लागला की काही चुका हटकून करतो. 'डिस्कस' ह्या क्रियापदापुढे तो 'अबाउट' योजतो, 'रीच'पुढे 'टु', 'एंटर'पुढे 'इन', 'मॅरी'पुढे 'विथ' आणि 'रिझेम्बल'पुढेही 'विथ'. वास्तविक ह्या पाचही क्रियापदांना त्या त्या अर्थी शब्दयोगी लागत नाही. ती आपले कर्म थेट घेतात. मुलाखतीच्या खोलीत अशी एखादी चूक ऐकू आली की 'इंग्रजी कच्चे' असा शेरा पडतो आणि पुष्कळदा तो शेरा उमेदवाराच्या एकूण बुद्धीलाच चिकटतो. परंतु ह्या चुका अज्ञानातून आलेल्या नसून एका ज्ञानातून आलेल्या आहेत. आपण एखाद्या प्रश्नाविषयी चर्चा करतो, गावाला पोहोचतो, वर्गात शिरतो, कोणाशी तरी लग्न करतो आणि एका वस्तूचे दुसरीशी साम्य दाखवतो. 'विषयी', 'ला', 'त' आणि 'शी' हे विद्यार्थ्याच्या मनातील मराठी क्रियापदांनी मागितलेले घटक आहेत, आणि तो ते प्रामाणिकपणे इंग्रजीत उतरवून देतो. त्याने मराठी व्याकरण अचूक पाळले आहे. ते चुकीच्या ठिकाणी पाळले आहे, इतकेच. जेथे दोन्ही भाषांची मागणी जुळते तेथे तो चुकत नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. 'डिपेंड'पुढे 'ऑन' योजताना त्याची अडचण होत नाही, कारण मराठीतही आपण कोणावर तरीच अवलंबून असतो.

ह्या चुका वर्षानुवर्षे तशाच का राहतात? माझ्या मते त्याचे कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. शब्दयोगी अव्ययाला स्वतःचा एक निश्चित अर्थ असतो आणि तो अर्थ कळला की ते कोठेही योजता येते, असे आपण गृहीत धरतो. 'ऑन' म्हणजे वर, 'इन' म्हणजे आत, 'फॉर' म्हणजे साठी, असे समीकरण प्राथमिक शाळेत मनावर ठसते. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेने आणि रेन व मार्टिन ह्यांच्या व्याकरणाने महाराष्ट्राला इंग्रजी शिकवले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि पहिल्या पद्धतीत वाक्यास वाक्य जुळवण्यावर भर आहे, तर दुसऱ्या पुस्तकात शब्द आणि त्यांपुढे येणारे शब्दयोगी ह्यांच्या लांबलचक याद्या आहेत. अमुक क्रियापदाला अमुकच शब्दयोगी का, आणि मराठी क्रियापदाला काय लागते, हा प्रश्न दोन्हीकडे मध्यवर्ती होत नाही.

एक उदाहरण पुरेसे व्हावे. दोषारोपाच्या अर्थाची तीन इंग्रजी क्रियापदे घेऊ. 'अक्यूज' ह्या क्रियापदास गुन्ह्याच्या नावापूर्वी 'ऑफ' लागते, 'चार्ज'ला 'विथ' आणि 'ब्लेम'ला 'फॉर'. अर्थ जवळजवळ एकच, मागण्या मात्र तीन. 'ऑफ', 'विथ' आणि 'फॉर' ह्यांच्या कोशातील अर्थांचा कितीही खल केला तरी ही वाटणी त्यांतून निष्पन्न होणार नाही. आता मराठीकडे वळू. आपण माणसावर आरोप करतो, परंतु त्याला दोष देतो. त्याच्यावर ठपका ठेवतो, आणि तीच गोष्ट त्याच्या माथी मारतो. येथेही अर्थ जवळचे आणि विभक्ती वेगळ्या. त्याचप्रमाणे इंग्रजीत 'रॉब' हे क्रियापद माणसाला कर्म करते आणि 'स्टील' हे वस्तूला. मराठीत आपण वाटसरूला लुटतो आणि पैसे चोरतो. 'लुटणे' आणि 'चोरणे' ह्यांतील हा भेद ज्याला आपल्या भाषेत स्पष्टपणे दाखवून दिला आहे, त्याला 'रॉब' आणि 'स्टील' ह्यांच्या रचना पाठ कराव्या लागत नाहीत. त्या त्याला ओळखीच्या वाटतात. 'अग्री'चेही तसेच. माणसाशी सहमत होताना इंग्रजीत 'विथ' येते आणि प्रस्तावाला संमती देताना 'टु'. मराठीतील 'शी' आणि 'ला' ही जोडी हेच काम करते.

क्रियापद हे वाक्याचे केंद्र असून इतर पदे कोणत्या रूपात यावीत हे तेच ठरवते, ही कल्पना आपल्याला परकी नाही. शाब्दबोधाच्या चर्चेत आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी ह्या तीन अटी सांगितल्या जातात. त्यांपैकी आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची असलेली अपेक्षा. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात कारकांची व्यवस्था लावताना ह्या अपेक्षेची नोंद क्रियापदांच्या गटांनुसार केली आहे. भय आणि रक्षण ह्या अर्थांच्या धातूंच्या बाबतीत भयाचे कारण अपादान मानावे, रुचणे ह्या अर्थाच्या धातूंच्या बाबतीत ज्याला रुचते तो संप्रदान मानावा, क्रोध, द्रोह, ईर्ष्या व असूया ह्या अर्थांच्या धातूंच्या बाबतीत ज्याच्यावर कोप होतो तो संप्रदान मानावा, अशी ही मांडणी आहे. विभक्तीचा अर्थ सामान्यतः सांगून पाणिनी थांबत नाही. धातुगटागणिक तो अपवाद आणि विशेष नोंदवतो. क्रियेच्या संबंधाने येणारी कारकविभक्ती आणि एखाद्या उपपदाच्या योगाने येणारी उपपदविभक्ती असा भेद करून, दोहोंत विरोध आल्यास कारकविभक्ती बलवत्तर मानावी असे वैयाकरणांनी पुढे ठरवले. क्रियापदाचा अधिकार मोठा, हेच त्यामागील तत्त्व होय.

ह्याच धातुगटांवरून तीन भाषा ताडून पाहिल्या तर एक उद्बोधक चित्र दिसते. संस्कृतात वाघापासून भितात, म्हणजे पंचमी. मराठीत वाघाला भितात. इंग्रजीत 'फिअर' हे क्रियापद वाघाला थेट कर्म करते, तर 'अफ्रेड' ह्या विशेषणाला 'ऑफ' लागते. संस्कृतात ज्याच्यावर रागवायचे त्याची चतुर्थी होते, मराठीत त्याच्यावर रागावतात आणि इंग्रजीत 'अँग्री'नंतर माणसासाठी बहुधा 'विथ' व गोष्टीसाठी 'अट' योजतात. रुचण्याच्या बाबतीत मात्र संस्कृत आणि मराठी एकत्र राहिल्या. 'मला आवडते' ह्यातील 'मला' ही जुनी चतुर्थीची जागा आहे, आणि इंग्रजीने तेथे आवडणाऱ्या व्यक्तीला कर्ता केले आहे. भय एकच, राग एकच, आवडही एकच. भाषा मात्र आपापल्या वाटेने गेल्या. म्हणून 'तर्काने विचार करा म्हणजे योग्य शब्दयोगी सुचेल' हा विद्यार्थ्यांना दिला जाणारा उपदेश फसवा आहे. येथे तर्काचे काम थोडे आणि रूढीचे फार. रूढी मात्र क्रियापदागणिक नोंदवता येते, आणि नोंदवली तर शिकवताही येते.

आधुनिक मराठी व्याकरणाने ही नोंद कितपत केली? दादोबा पांडुरंगांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत विभक्तिविचाराला मोठे स्थान आहे, आणि दामल्यांच्या ग्रंथाची व्याप्ती आजही थक्क करणारी आहे. परंतु ह्या परंपरेतून शालेय व महाविद्यालयीन वर्गांपर्यंत जे झिरपले ते प्रत्ययांचे कोष्टक. त्या कोष्टकात द्वितीया आणि चतुर्थी ह्यांचे प्रत्यय तेच आहेत, आणि तृतीयेच्या एकाच घरात 'ने' आणि 'शी' नांदतात. 'रामाने बोलला' असे कोणी म्हणत नाही आणि 'सुरीशी कापले' असेही कोणी म्हणत नाही. तरी कोष्टक पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही प्रत्यय समान वाटावेत अशीच त्याची रचना आहे. कोष्टक प्रत्ययापासून सुरू होते, भाषा क्रियापदापासून. अध्यापनातील सगळा घोळ येथे आहे.

क्रियापदापासून आरंभ केला तर साध्या वाटणाऱ्या शब्दांतही किती सूक्ष्म भेद आहेत हे ध्यानात येते. 'आई मुलाशी बोलली' ह्या वाक्यात संवाद आहे. 'आई मुलाला बोलली' ह्यात कानउघाडणी आहे. प्रत्यय बदलला आणि प्रसंग पालटला. 'त्याचे ऐकले' म्हणजे त्याचा सल्ला मानला, 'त्याच्याकडून ऐकले' म्हणजे बातमी त्याच्यामार्फत कळली, आणि 'त्या गवयाला ऐकले' म्हणजे त्याच्या मैफलीला हजेरी लावली. 'लागणे' ह्या एका क्रियापदाचा पसारा तर इंग्रजी 'लुक'च्या पसाऱ्याहून कमी नाही. अभ्यासाला लागणे, नादी लागणे, मागे लागणे, हाती लागणे. शिवाय 'मला भूक लागली' आणि 'घर लागले' ही वेगळीच. इंग्रजीत 'लुक'ला 'अट', 'फॉर', 'आफ्टर' आणि 'इंटु' लागून चार क्रिया सिद्ध होतात ह्याचे आपल्या विद्यार्थ्यांना नवल वाटते. 'मागे लागणे' आणि 'मागे पडणे' ह्यांत 'मागे' तेच असून अर्थ उलट होतात, ह्याचे नवल वाटत नाही, कारण ते कोणी त्यांच्यासमोर ठेवलेलेच नसते.

आता ह्या विषयाची दुसरी बाजू, जी मला अधिक चिंतेची वाटते. मराठीची मागणी इंग्रजीवर लादली की ती चूक म्हणून लगेच पकडली जाते. इंग्रजीची मागणी मराठीवर लादली जाते तेव्हा मात्र ती पकडणारे कोणी उरलेले नाही. वृत्तपत्रांत, जाहिरातींत, भाषांतरित पाठ्यपुस्तकांत आणि अलीकडे यंत्राने केलेल्या अनुवादांत हा प्रकार सर्रास आढळतो. त्याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे 'फॉर' आणि 'साठी' ह्यांचे समीकरण. मदतीबद्दल आभार मानण्याऐवजी आता मदतीसाठी आभार मानले जातात. झालेल्या त्रासाबद्दल मागायची क्षमा त्रासासाठी मागितली जाते. गाव आंब्यांबद्दल प्रसिद्ध असण्याऐवजी आंब्यांसाठी प्रसिद्ध होते. पाहुण्यांची वाट पाहण्याऐवजी पाहुण्यांसाठी वाट पाहिली जाते. 'तो दोन वर्षे पुण्यात राहिला' हे वाक्य 'तो दोन वर्षांसाठी पुण्यात राहिला' असे होते. 'मला हा अनुभव नवा होता' ह्याची जागा 'माझ्यासाठी हा अनुभव नवा होता' घेते. ह्या विस्ताराला हिंदीतील 'के लिए'चेही पाठबळ आहे, हे खरे. परंतु मराठी लेखनात त्याला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः इंग्रजीवरून होणाऱ्या अनुवादामुळे, असे मला वाटते.

येथे आक्षेप घेतला जाईल की, भाषा बदलतच असते आणि शुद्धीचा आग्रह धरणारे नेहमीच मागे राहतात. आक्षेप गंभीर आहे आणि त्यातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. खुद्द इंग्रजीतही ही रूढी स्थिर नाही. 'डिफरंट'नंतर 'फ्रॉम' असावे की 'टु', ह्याची चर्चा फाउलरने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात केली होती, आणि ती अद्याप संपलेली नाही. ब्रिटिश इंग्रजीत निर्णयाविरुद्ध निषेध नोंदवताना 'प्रोटेस्ट'पुढे 'अगेन्स्ट' लागते, अमेरिकेत निर्णयालाच कर्म केले जाते. मराठीनेही इंग्रजीच्या वळणाचे कितीतरी प्रयोग आत्मसात केले आहेत. आपल्या प्रत्येक प्रबंधाच्या मुखपृष्ठावर 'यांच्या मार्गदर्शनाखाली' अशी ओळ असते, प्रत्येक चर्चासत्र कोणाच्या तरी अध्यक्षतेखाली भरते, आणि त्या दोन्हींवर इंग्रजी 'अंडर'चा ठसा उघड आहे. कामगार संपावर जातात, कर्मचारी रजेवर असतात. ह्या प्रयोगांना आज कोणी परके म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

मग कोणते स्वीकारावे आणि कोणते नाकारावे? मला दोन कसोट्या उपयोगी वाटतात. पहिली अशी की, नव्या प्रयोगाला मराठीत आधीपासून आधार आहे काय. 'हाताखाली काम करणे' हा प्रयोग मराठीत घरचा होता. अधिकार वर आणि अधीन माणूस खाली, ही कल्पना 'खाली' ह्या शब्दात रुळलेली होती. 'मार्गदर्शनाखाली' तिच्यातच सामावले गेले. 'पहाऱ्यावर', 'कामावर' हे प्रयोग होते, म्हणून 'रजेवर' आणि 'संपावर' खटकले नाहीत. उलट 'देवामध्ये विश्वास ठेवणे' हे भाषांतरात वारंवार येऊनही रुजत नाही, कारण मराठी विश्वास वर ठेवला जातो, आत नव्हे. 'पाहुण्यांसाठी वाट पाहणे' ह्याचेही तेच. 'वाट' हे नाम असून ते षष्ठीच मागते.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची आहे. नव्या प्रयोगाने एखादा जुना भेद पुसला जातो काय, हे पाहावे. इंग्रजीत 'रिस्पॉन्सिबल'नंतर 'फॉर' येते, मग आई मुलांसाठी जबाबदार असो की चालक अपघातासाठी. मराठीत मुलांची जबाबदारी आईवर असते आणि चालक अपघाताला जबाबदार असतो. एकीकडे कर्तव्य आहे, दुसरीकडे दोष. दोन्ही ठिकाणी 'साठी' आले की कर्तव्य आणि दोष एका रांगेत उभे राहतात. 'दोन वर्षांसाठी नेमणूक झाली' हे वाक्य योग्य आहे, कारण तेथे मुदत आधी ठरलेली आहे. 'दोन वर्षे राहिला' ह्यात मुदत सरून गेलेली आहे. सरसकट 'साठी' योजल्यास योजना आणि घटना ह्यांतील अंतर नाहीसे होते. 'मी त्याला बोललो' हे 'मी त्याला म्हणालो' ह्या अर्थी रूढ होऊ लागल्यापासून बोलण्यातील कानउघाडणीचा अर्थही विरत चालला आहे. आणि 'माझ्यासाठी' हे 'मला'च्या जागी येऊ लागते तेव्हा मराठीच्या एका मर्मस्थानाला धक्का बसतो. भूक, आठवण, कंटाळा, आनंद, राग हे सारे मराठीत माणसाला येतात, लागतात, वाटतात, होतात. माणूस तेथे कर्ता नसून अनुभव घेणारा असतो. 'ला' हा त्या अनुभवाचा प्रत्यय आहे. तो सैल झाला तर केवळ एका प्रत्ययाची हानी होत नाही.

ह्यावर उपाय काय? केवळ तक्रारीने काही साधत नाही. मला एक मर्यादित, पण निश्चित काम सुचवायचे आहे. मराठी क्रियापदांच्या आकांक्षांचा एक कोश तयार व्हावा. वर्गात हाताशी असणाऱ्या बहुतेक मराठी कोशांत क्रियापदापुढे सकर्मक किंवा अकर्मक एवढीच खूण असते. मोल्सवर्थने १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १८५७ साली सुधारून वाढवलेल्या आपल्या कोशात नामाबरोबर कोणते क्रियापद योजले जाते ह्याची आवर्जून नोंद केली. परकीय असल्यामुळे त्याला तिची गरज भासली. इंग्रजीतही असेच घडले. हॉर्न्बी ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून क्रियापदांच्या रचनांवर आधारलेला कोश सिद्ध केला. तो १९४२ साली टोकिओत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. जन्मभाषक आपल्या क्रियापदांची मागणी नकळत पुरवत असतो, म्हणून त्याला ती दिसत नाही. शिकणाऱ्याला ती दिसते. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी अनिवार्य केली. त्यामुळे मराठी शिकणारा अन्यभाषक विद्यार्थी आता आपल्या राज्यातच मोठ्या संख्येने आहे, आणि इंग्रजी माध्यमातील मराठी मूलही पुष्कळ अंशी त्याच्याच पंक्तीत बसले आहे. त्यांना 'घाबरणे'च्या मागे 'ला', 'रागावणे'च्या मागे 'वर', 'भांडणे'च्या मागे 'शी' हे कोठे पाहावयास मिळणार?

असा कोश हे एका व्यक्तीचे काम नव्हे, पण एका विभागाच्या आवाक्याबाहेरचेही नाही. नेहमीच्या वापरातील पाचशे क्रियापदे निवडावीत. प्रत्येक क्रियापदाच्या मागण्या, त्यांनुसार बदलणारे अर्थ, बोलींतील भेद आणि गेल्या शतकातील स्थित्यंतर ह्यांची नोंद छापील व बोली मराठीच्या पुराव्यासह करावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांना दरवर्षी विषय हुडकावे लागतात. पंचवीस क्रियापदांचा एक गट हा एका लघुप्रबंधाचा विषय सहज होऊ शकेल. ज्या क्रियापदांच्या मागण्या इंग्रजीहून भिन्न आहेत त्यांपुढे इंग्रजी प्रतिरूप आणि त्याचे शब्दयोगीही द्यावे. त्यामुळे इंग्रजी शिकवणाऱ्यालाही आजवर न मिळालेले एक साधन हाती येईल, आणि 'डिस्कस अबाउट' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची चूक कोठून आली हे शांतपणे समजावून सांगता येईल.

२०२४ साली केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निमित्ताने प्राचीन ग्रंथ, शिलालेख आणि परंपरा ह्यांविषयी पुष्कळ बोलले व लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु त्याच भाषेत आज कोणाला हसावे, कोणावर हसावे आणि कोणाकडे पाहून हसावे ह्यांतील फरक सांगणारी नोंद विद्यार्थ्याला सहज सापडू नये, हे आपल्या विभागांना शोभणारे नाही. वर सुचवलेले काम येत्या शैक्षणिक वर्षात कोणत्याही एका विभागाने पंचवीस क्रियापदांपासून सुरू करावे. त्यातील उणिवा दाखवण्यासाठी इतर विभाग पुढे येतीलच.